नाशिकहून खाडीकडे : किनारी परिसंस्था पुनर्स्थापनेत संशोधन तंत्रज्ञ म्हणून काम कसे करावे

किनाऱ्यावरील कांदळवने, चिखलपट्टे आणि खाजणे पूर्ववत करण्याच्या कामात रोपलावणी हा सर्वांत दिसणारा आणि तुलनेने सोपा भाग असतो. लावणीपूर्वी त्या जागेवर महिन्यातून किती वेळा भरतीचे पाणी चढते, ते किती तास थांबते, मातीत क्षार किती आहेत आणि मुळात तेथील झाडे का नाहीशी झाली, हे मोजून ठेवणे, तसेच लावणीनंतर कित्येक हंगाम त्याच जागेवर परत जाऊन काय जगले आणि काय गेले याची नोंद ठेवणे, हे संशोधन तंत्रज्ञाचे काम आहे. शास्त्रज्ञ प्रश्न मांडतो आणि निष्कर्ष काढतो. पण ज्या आकड्यांवर तो निष्कर्ष उभा राहतो ते आकडे चिखलात उभे राहून तंत्रज्ञाने गोळा केलेले असतात. जाहिरातींमध्ये हे पद प्रकल्प साहाय्यक, क्षेत्र साहाय्यक, प्रकल्प सहयोगी अशा वेगवेगळ्या नावांनी येते, त्यामुळे पदनामापेक्षा कामाचे वर्णन वाचावे.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी आहे. समुद्र येथून दूर असला तरी येथील पाणी समुद्राला अनोळखी नाही. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा पालघर जिल्ह्यातून वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते आणि तिच्या खाडीकाठी कांदळवने आहेत. जिल्ह्याच्या पश्चिम भागातून निघणारी दमणगंगा दमणजवळ समुद्रात जाते. आणि ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात ज्या त्रिभुज प्रदेशाची निर्मिती करते, त्यात काकीनाड्याजवळचे कोरिंगा अभयारण्य हे मोठे कांदळवन आहे. वरच्या खोऱ्यातील धरणांमुळे खाली पोहोचणारा गाळ कमी झाला की त्याचा परिणाम त्रिभुज प्रदेशाच्या जमिनीवर होतो. म्हणूनच, नदी आणि गाळ समजणारा मनुष्य या कामात उपरा ठरत नाही.

नाशिकमध्ये राहून करायची तयारी

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, भूगोल, कृषी किंवा मत्स्यविज्ञान यांपैकी कोणतीही पदवी या कामाला चालते. सागरी विज्ञानाची पदवी असेल तर उत्तमच, परंतु प्राथमिक पदांसाठी ती बहुधा अट नसते. निवड करणारे बहुतेक वेळा पाहतात ते एवढेच की उमेदवाराला नोंदवही नीट ठेवता येते का, नकाशा वाचता येतो का आणि तो उन्हातान्हात टिकेल का.

यांतील पहिल्या दोन गोष्टी येथे राहून पक्क्या करता येतात. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) समाविष्ट झालेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळातून ही पाणथळ जागा तयार झाली असल्यामुळे, गाळ साचल्यावर वनस्पती कशा क्रमाने येतात आणि पाण्याची पातळी बदलली की पक्षी कसे जागा बदलतात, हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते. हिवाळ्यात एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, ठरावीक कालावधीची पक्षीगणना आठवड्यामागून आठवडे करून पाहावी. हे अभयारण्य असल्यामुळे मातीचे किंवा वनस्पतींचे नमुने घ्यायचे असतील तर वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे, आणि तो अर्ज स्वतः लिहून, पाठपुरावा करून मंजूर करून घेणे हाही तयारीचाच भाग समजावा. पुढे किनाऱ्यावर प्रत्येक कामाआधी हेच करावे लागते.

झाडांची मोजमापे शिकण्यासाठी पांडवलेण्यांच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान सोयीचे आहे. दोन खोडांची, वाकलेली, पारंब्यांची झाडे मुद्दाम निवडून मोजावीत, कारण सरळ खोडाचे झाड कोणालाही मोजता येते. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, ही १९५९ पासून जलविज्ञान, माती आणि जलाशयांतील गाळ या विषयांवर काम करते. अशा प्रयोगशाळेत महाविद्यालयाच्या पत्राने प्रशिक्षणाची संधी मिळाली तर ती अवश्य घ्यावी.

द्राक्षबागायतदाराच्या घरातील मुलामुलींकडे एक भांडवल आधीपासून असते, ज्याची त्यांना स्वतःला फारशी किंमत वाटत नाही. पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजेच क्षारांचे माप) मोजणे, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे आणि मर तपासणे हे त्यांना ठाऊक असते. मोजण्याचे प्रमाण मात्र पूर्णपणे बदलते, एवढे लक्षात ठेवावे. मातीतील क्षारता सुमारे १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचे उत्पादन घटू लागते. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० डेसिसायमनच्याही वर असतो. बागेतील लहान मीटर तेथे उपयोगी पडत नाही, त्याची मोजण्याची कमाल मर्यादाच आधी संपते.

संगणकावर क्यूजीआयएस ही मोफत नकाशा प्रणाली आणि स्प्रेडशीट या दोन गोष्टी हाताखालच्या झाल्या पाहिजेत. आणि पोहणे शिकून घ्यावे. महापालिकेचा तरण तलाव त्यासाठी पुरेसा आहे.

भरतीचे वेळापत्रक

किनाऱ्यावरील कामाचा दिवस घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, प्रत्यक्षात त्यानंतर एक-दोन दिवसांनी, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार सर्वांत कमी असतो; तो भांग.

कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत एक जुना ठोकताळा वापरतात: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती आणि दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी. पंचांग घरोघरी असतेच, तेव्हा नाशिकमध्ये बसूनही पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येतो. मात्र हा अंदाजच आहे. कामाचे नियोजन भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकावरूनच करावे, आणि खाडीत आत गेल्यावर मुखापेक्षा उशिरा भरती येते ही तफावत स्थानिक मच्छीमारांकडून विचारून घ्यावी.

या हिशेबातून नाशिककरांसाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे पाणी सर्वांत खाली असते ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. त्यामुळे खाडीच्या बाहेरच्या काठावरील चिखलपट्ट्यावर काम असेल, तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघून उपयोग नाही. गाडी कल्याणला पोहोचेपर्यंत पाणी चढू लागलेले असते. आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे आणि झुंजूमुंजू होताना चिखलात असावे. याउलट, कांदळवनाच्या वरच्या भागातील चौकटींची (मोजणीसाठी आखलेल्या चौरस जागांची) मोजणी अष्टमीच्या आसपास ठेवली तर ओहोटी दुपारी मिळते आणि भांगाचे पाणी तेथपर्यंत फारसे पोहोचतही नसल्यामुळे कामाला सलग वेळ मिळतो.

जमिनीची उंची : सर्वांत दुर्लक्षित मोजमाप

अमेरिकी पर्यावरणतज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी कांदळवन पुनर्स्थापनेची जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा की आधी तेथे झाडे आपोआप का उगवत नाहीत ते शोधावे, तो अडथळा दूर करावा आणि रोपलावणी केवळ गरज उरली तरच करावी. आपल्याकडे हा अडथळा बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत असतो: रस्त्यासाठी टाकलेला भराव, बुजलेली मोरी, सोडून दिलेल्या मिठागराचा बांध, खारभूमीच्या बांधाची बंद पडलेली उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार). अशा जागी रोपे लावत राहणे म्हणजे दरवर्षी तीच रोपे मारत राहणे होय. उघाडी मोकळी करून पाण्याची ये-जा सुरू झाली आणि जवळपास बीज देणारी झाडे असली, तर तिवर हे कांदळवनातील झाड स्वतःहून येते.

कांदळवने साधारणपणे सरासरी समुद्रसपाटी आणि उधाणाच्या सर्वोच्च भरतीची रेषा यांच्या दरम्यान वाढतात. काही सेंटिमीटरच्या फरकाने जागा योग्य किंवा अयोग्य ठरते. म्हणून तंत्रज्ञाने पहिले मोजमाप उंचीचे घ्यावे, आणि ते जवळच्या निरोगी कांदळवनाच्या तुलनेत घ्यावे. त्यासाठी महागडे उपकरण असलेच पाहिजे असे नाही. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घेऊन निरोगी तिवरांच्या पट्ट्यातील खुंटावरची उंची नापीक जागेतील खुंटावर नेता येते. दोन्हीकडे बांबू रोवून त्यांवर पाण्यात विरघळणारा रंग लावून ठेवला, तर पुढच्या उधाणात रंग कुठपर्यंत धुतला गेला यावरून पाणी किती चढले तेही कळते. हातातील साध्या जीपीएसवर दिसणारी उंची मात्र या कामासाठी कधीही वापरू नये, तिच्यातील चूक मीटरांत असते आणि आपला प्रश्न सेंटिमीटरांचा असतो.

येथे एक गोंधळ हमखास होतो. भरती-ओहोटी कोष्टकातील उंची सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेली असते, तर सर्वेक्षण विभागाच्या खुणांची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन्हींमध्ये सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. एखाद्या चौकटीची उंची समुद्रसपाटीपासून १.५ मीटर असेल, तर कोष्टकात साधारण ४ मीटर किंवा त्याहून मोठी भरती दाखवली असेल तेव्हाच तेथे पाणी पोहोचेल, म्हणजे मुख्यतः उधाणाच्या आसपासच्या दिवसांत. कोष्टकातील अशा भरत्या मोजल्या की महिन्यातून किती वेळा ती जागा भिजते याचा आकडा मिळतो. त्याच आकड्यावर कोणती जात तेथे टिकेल ते ठरते. ज्या अहवालात उंची दिली आहे पण आधारपातळी लिहिलेली नाही, तो आकडा वापरण्यायोग्य समजू नये.

उंचीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. उघडा चिखलपट्टा रिकामा दिसतो म्हणून तेथे रोपे लावण्याचा आग्रह धरला जातो. परंतु तो पट्टा फार खाली असल्यामुळे रोपे जगत नाहीत, आणि जगली तरी चिखलातील सूक्ष्म अन्नावर अवलंबून असलेल्या रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर किनारी पक्ष्यांची खाण्याची जागा जाते. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य, जे २०२२ मध्ये रामसर यादीत आले, त्याचे महत्त्व कांदळवनाइतकेच अशा उघड्या चिखलात आहे. लक्ष्यांक पूर्ण करण्यासाठी चिखलपट्ट्यावर लावणी सुचवली गेली, तर उंचीची मोजणी पुढे ठेवून लेखी हरकत नोंदवावी. हे तंत्रज्ञाच्या अधिकारात बसते.

जाती ओळखणे, झाडे आणि रोपे मोजणे

आपल्या किनाऱ्यावर आधी पाच-सहा जाती पक्क्या ओळखता आल्या तरी बरेच काम होते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि पानांवर मिठाचे कण दिसतात. कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी चिखलात उतरतात आणि त्याच्या लांब शेंगा झाडावरच रुजलेल्या असतात. पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळे जाड आणि शंकूच्या आकाराची असतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. काजळ्याची फळे शिंगासारखी वाकडी, मारांडीची पाने काटेरी आणि फुले निळसर. हुऱ्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होऊन काही काळ दिसेनासे होऊ शकते, म्हणून त्याची फांदी मोडून पाहण्याचा मोह टाळावा.

मोजणीसाठी साधारणपणे १० मीटर बाय १० मीटरची चौकट मोठ्या झाडांना, तिच्या आत ५ बाय ५ ची चौकट लहान झाडांना आणि १ बाय १ ची चौकट रोपांना वापरतात. चौकटी कोठे आखायच्या हे नकाशावर आधीच ठरवून घ्यावे; चिखलात उभे राहून ठरवले की पाय आपोआप कोरड्या जागेकडे वळतात आणि नमुना पक्षपाती होतो. खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर, १.३ मीटरवर मोजतात, पण कांदळाच्या बाबतीत सर्वांत वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर मोजावा लागतो. तिवराची खोडे जमिनीलगत फुटत असतील तर प्रत्येक खोड स्वतंत्र नोंदवावे आणि ती सर्व एकाच झाडाची असल्याचे लिहावे.

साध्या टेपने मिळतो तो परीघ असतो, व्यास नव्हे. ३१.४ सेंटिमीटर परिघाच्या खोडाचा व्यास १० सेंटिमीटर असतो. कोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिलेल्या प्रचलित सूत्रात जमिनीवरचा जैवभार (झाडाच्या जमिनीवरील भागाचे कोरडे वजन) काढताना व्यासाचा २.४६ वा घात घेतात. त्यामुळे व्यासाच्या रकान्यात परीघ लिहिला गेला तर उत्तर जवळजवळ सतरा पट फुगते. तक्त्याच्या प्रत्येक पानावर रकान्याचे नाव आणि एकक पूर्ण लिहिण्याचा हट्ट म्हणूनच धरावा.

रोपांच्या जगण्याच्या टक्केवारीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुनर्स्थापनेच्या अहवालांत सर्वाधिक फेरफार, कधी अजाणता आणि कधी जाणूनबुजून, येथेच होतो. समजा एका चौकटीत २०० रोपांना क्रमांकाचे बिल्ले बांधले. सहा महिन्यांनी ११८ जिवंत, २२ वाळलेली आढळली आणि ६० सापडलीच नाहीत. सापडलेल्या १४० पैकी ११८ असा हिशेब केला तर ८४ टक्के जगली असे दिसते; लावलेल्या २०० पैकी ११८ असा केला तर ५९ टक्के. बरोबर उत्तर दुसरे आहे. 'जिवंत', 'मृत' आणि 'बेपत्ता' असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि बेपत्ता रोपांमागे लाट, खेकडे, शेळ्या, म्हशी की प्लॅस्टिकची गुंडाळी यांपैकी काय दिसते तेही शेऱ्यात लिहावे. आपोआप उगवलेली रोपे लावलेल्या रोपांत मिसळून मोजू नयेत. ती वेगळी मोजली तर अनेकदा असे दिसते की लावणीपेक्षा पाण्याची वाट मोकळी करण्याचा परिणाम मोठा होता. हाच आकडा प्रकल्पाला सर्वांत उपयोगी असतो.

शेजारच्या निरोगी कांदळवनात, आणि काहीही न केलेल्या नापीक जागेतही, तेवढ्याच चौकटी ठेवाव्यात आणि काम सुरू होण्यापूर्वीची एक तरी मोजणी हातात असावी. त्यांच्याशिवाय झालेला बदल आपल्या कामामुळे झाला की चांगल्या पावसाळ्यामुळे, हे सांगता येत नाही.

नोंदी शिसपेन्सिलीने कराव्यात. शाई ओली झाली की पसरते. काहीच आढळले नाही तर शून्य लिहावे, आणि मोजलेच नाही तर तसे शब्दांत लिहावे. रिकामा रकाना या दोहोंपैकी काहीही असू शकतो, आणि वर्षभराने ते कोणालाच आठवत नाही. चिखलातून बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

चिखलाचे नमुने

कांदळवनातील कार्बनचा मोठा साठा झाडांत नव्हे, खालच्या चिखलात असतो. तो मोजण्यासाठी अर्धगोल नळीचा ऑगर (मातीत फिरवून नमुना काढण्याचे अवजार) एक मीटर खोलीपर्यंत उतरवून गाभा काढतात आणि ०–१५, १५–३०, ३०–५०, ५०–१०० सेंटिमीटर अशा थरांतून ठरावीक लांबीचे तुकडे कापून घेतात. ऑगर ठोकून नव्हे, हलकेच फिरवून उतरवावा. चिखल दाबला गेला तर घनतेचा आकडा बिघडतो आणि पुढचे सर्व गणित वाया जाते.

नमुना साधारण ६० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. ५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ५ सेंटिमीटर लांबीच्या पूर्ण गोल तुकड्याचे आकारमान सुमारे ९८ घन सेंटिमीटर होते. अर्धगोल ऑगर असेल तर त्याच्या निम्मे. पूर्ण तुकड्याचे कोरडे वजन ५९ ग्रॅम भरले तर घनता सुमारे ०.६ येते. त्यात कार्बन ३ टक्के असेल आणि मीटरभर खोलीपर्यंत प्रमाण तेच राहिले, तर हेक्टरी साठा सुमारे १८० टन होतो. शिंपले आणि कालवांचे तुकडे यांतील कार्बन वेगळा काढावा लागतो, त्यामुळे ते दिसले की पिशवीवरच नोंद करावी.

मातीचा सामू जागेवरच मोजावा. अशा चिखलात लोह आणि गंधकाची संयुगे असतात, ती हवेत आल्यावर आम्ल तयार होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सामू खाली गेलेला असतो. क्षारतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. प्रत्येक दिवशी काम सुरू करण्यापूर्वी तो डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणावा. खुल्या समुद्रात वाचन हजारी ३५ च्या आसपास येते, पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला ते पुष्कळ खाली जाते, आणि मे महिन्यात बंदिस्त खाजणात समुद्राच्याही वर चढलेले आढळते.

चिखलात वावरताना

एकट्याने चिखलात उतरू नये, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या एका व्यक्तीला परतीची वेळ सांगून ठेवावी. पाणी वळण्याआधी बाहेर पडावे. आत शिरताना ओलांडलेला लहानसा ओहोळ परतताना छातीएवढा झालेला असतो. गमबूट खोल चिखलात रुतून बसतात, म्हणून घट्ट नाडी बांधलेले जुने कापडी बूट अधिक सोयीचे पडतात. कालवांच्या कवचांनी पाय कापतात; धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि पावसाळ्यातील कामानंतर ताप आला तर डॉक्टरांना आपण खाडीच्या पाण्यात काम करतो हे आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा विचार होईल. पाय चिखलात अडकला तर ओढाताण न करता मागे रेलून वजन पसरवावे आणि पाय हळूहळू हलवत सोडवावा.

वाट दाखवणारे आगरी-कोळी काका आणि चिंबोऱ्या, कालवे गोळा करणाऱ्या मावशी यांना खाडीतील प्रत्येक खड्डा ठाऊक असतो. त्यांना 'मजूर' म्हणून नोंदवून ठेवू नये. त्यांची मजुरी त्याच दिवशी द्यावी, त्यांनी सांगितलेली माहिती वापरली तर अहवालात तसा उल्लेख करावा, आणि चौकटींचे खुंट त्यांच्या जाळ्यांच्या किंवा होड्यांच्या वाटेत येत नाहीत ना, हे रोवण्याआधी विचारावे. न विचारता रोवलेले खुंट पुढच्या फेरीला जागेवर सापडण्याची फारशी आशा ठेवू नये.

काम कोठे मिळते आणि काय विचारून घ्यावे

राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्याशी संलग्न कांदळवन प्रतिष्ठान वेळोवेळी कंत्राटी पदे भरते. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र पाहून यावे. नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येते आणि जातींची ओळख तेथून सुरू करता येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि तिचे मुंबईतील प्रादेशिक केंद्र, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था, चेन्नईचे राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्र, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या संकेतस्थळांवरही प्रकल्पपदांच्या जाहिराती येतात. केंद्र सरकारची २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली कांदळवन लागवडीची मिष्टी योजना आणि सिंधुदुर्गासह काही किनारी जिल्ह्यांत हरित हवामान निधीतून चाललेला प्रकल्प यांमुळे कांदळवनांवरील कामाला निधी आला आहे.

ही पदे बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असतात. मुलाखतीत पगाराखेरीज काही गोष्टी संकोच न बाळगता विचाराव्यात: निधी कोणाचा आणि किती काळासाठी आहे, अपघात विमा आहे का, होडीवर जीवरक्षक जॅकेट मिळते का, प्रवासभत्ता आगाऊ की नंतर, आणि शोधनिबंधात तंत्रज्ञाचे नाव येते का. नाशिकच्या उमेदवाराने मुक्कामाचा खर्च स्वतंत्रपणे विचारावा. मुंबई-ठाण्यात खोली घेऊन राहण्याचा हिशेब आधी न केल्यास पहिल्याच वर्षी नोकरी सोडावी लागते, असे अनेकांच्या बाबतीत दिसते.

कायद्याची किमान माहिती हवी. कांदळवने किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनतोडीवर बंदी घातली, आणि २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. त्यामुळे संशोधनासाठी फांदी छाटायची असली तरी परवानगीचे पत्र खिशात असावे. गस्तीवरील वनरक्षक ते मागतो, आणि त्याने ते मागितलेच पाहिजे.

पद सोडताना

प्रकल्पपदांवरील माणसे बदलत राहतात, पण चौकटी तेथेच असतात. त्यामुळे पद सोडण्यापूर्वी पुढच्या तंत्रज्ञासाठी एक हस्तांतरण टिपण तयार करावे. त्यात प्रत्येक चौकटीच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, खुंट हरवल्यास जागा शोधता यावी म्हणून जवळच्या स्थिर खुणांपासूनचे अंतर आणि दिशा, उंची कोणत्या आधारपातळीवरून मोजली आहे, बिल्ल्यांचे क्रमांक कोठून कोठपर्यंत आहेत, कोणत्या महिन्यात कोणती मोजणी झाली नाही आणि का, वाट दाखवणाऱ्या स्थानिकांशी काय ठरले आहे, आणि परवानगीपत्रांची मुदत केव्हा संपते, हे सर्व लिहावे. शक्य असल्यास नव्या व्यक्तीला एकदा सोबत नेऊन एकच चौकट दोघांनी स्वतंत्रपणे मोजावी आणि दोन्ही आकड्यांतील फरक त्याच टिपणात नोंदवावा, म्हणजे पुढील मोजणीत दिसणारा किती बदल झाडांचा आणि किती मोजणाऱ्याच्या हाताचा, हे वेगळे काढता येईल.